दिल्ली–टोकियो: अंतर एकच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत एवढा फरक का?

दिल्लीहून टोकियोला विमानाला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारून घेतो: जाताना की येताना, आणि महिना कोणता? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तासांचा आकडा सांगण्यात अर्थ नसतो. किलोमीटर बदलत नाहीत, पण वेळ दोन-अडीच तासांनी बदलू शकतो.

तिकिटावरून हा फरक उलटाच दिसतो. नमुन्यादाखल, दिल्लीहून रात्री ८:३० ला निघालेलं विमान टोकियोत सकाळी ७:५० ला पोचतं असं धरू. परतीचं टोकियोहून सकाळी ११:३० ला निघून दिल्लीत संध्याकाळी ५:३० ला उतरतं. घड्याळाकडे बघितलं तर जायला ११ तास २० मिनिटं आणि यायला अवघे ६ तास. पण दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५:३० तास पुढे आहे, जपानची ९ तास पुढे, म्हणजे दोघांत साडेतीन तासांचा फरक. जपानमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक बाराही महिने तसाच राहतो. जाताना साडेतीन तास वजा करायचे, येताना मिळवायचे. मग जायला ७ तास ५० मिनिटं आणि यायला साडेनऊ तास निघतात. येणंच लांबलचक आहे.

हे असं का होतं, ते कागदावर मांडून पाहता येतं. शास्त्रीय कॅल्क्युलेटर, एक नकाशा आणि वरच्या थरातल्या वाऱ्यांचा तक्ता एवढं साहित्य पुरतं. मी ज्या क्रमाने हे गणित करतो, त्याच क्रमाने इथे लिहितो.

सुरुवात अंतरापासून. शहराचे अक्षांश-रेखांश घ्यायचे नाहीत, विमानतळाचे घ्यायचे. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. टोकियोचा हानेदा ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व. रेखांशांतला फरक ६२.६८ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा: ०.४७८२ गुणिले ०.५८१४ म्हणजे ०.२७८०. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांश-फरकाची कोसाइन या तिन्हींचा गुणाकार: ०.८७८२, ०.८१३६ आणि ०.४५९० मिळून ०.३२८०. दोन्हींची बेरीज ०.६०६०. ही ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन ५२.७ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. उत्तर ५,८६० किलोमीटर.

स्प्रेडशीटवर हेच करायला गेलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. तिथली साइन-कोसाइन अंशांत चालत नाही, रेडियनमध्ये चालते. अंश तसेच टाकले तर उत्तर काहीतरी भलतंच येतं, आणि कधीकधी ते इतकं बेमालूम दिसतं की चूक लक्षातही येत नाही. म्हणून आधी माहीत असलेल्या जोडीवर सूत्र तपासून घ्यावं. मुंबई–दिल्ली विमानतळांतलं अंतर १,१४० किलोमीटरच्या आसपास यायला हवं. ते आलं तर पुढे जावं.

पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्तावर थोडी फुगलेली आहे. तो हिशेब धरणारं सूत्र वापरलं तर उत्तर थोडं बदलतं, पण फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. वेळेच्या दृष्टीने ही मिनिटभराची बाब आहे, त्यात जीव अडकवण्याची गरज नाही. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोनाच्या एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणून ५२.७ ला ६० ने गुणलं की ३,१६२ मैल थेट मिळतात. वाऱ्याचे तक्ते नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत असतात. किलोमीटर आणि नॉट एकाच ओळीत मिसळले की पुढचं सगळं गणित बिघडतं. मी एक तर सगळं किलोमीटरमध्ये करतो, नाहीतर सगळं मैलांत.

हे ५,८६० किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा सर्वांत जवळचा रस्ता, भूगोलाच्या भाषेत बृहद्‌वृत्त. तो दिल्लीहून ईशान्येकडे, साधारण ६५ अंशांच्या दिशेने निघतो, कुमाऊंवरून हिमालय ओलांडतो, ल्हासाच्या बऱ्याच उत्तरेकडून तिबेटचं पठार पार करतो, शिआनच्याही उत्तरेने चीनच्या आतल्या भागातून जातो, शानडोंग द्वीपकल्प आणि सोलच्या दक्षिणेकडचा कोरिया ओलांडून जपानमध्ये शिरतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात दिल्ली ते टोकियो पट्टीने रेघ मारली तर ती याच्या बरीच खालून जाते. अर्ध्या वाटेवर दोघींत पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटरचं अंतर पडतं. आणि तरीही त्या पट्टीच्या रेघेची लांबी निघते ५,९५५ किलोमीटर, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा शंभर किलोमीटरसुद्धा जास्त नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मार्ग थोडा दक्षिणेला ओढला तर अंतरात फार मोठा भुर्दंड पडत नाही, आणि इथे दक्षिणेला ओढणं भागच आहे.

कारण तिबेट. विमान ११ किलोमीटरवर उडतं आणि डोंगर त्याच्या खाली राहतात, मग अडचण कसली, असं विचारणारे बरेच भेटतात. अडचण विमान धड असताना नसते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तातडीने १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर आहे. खाली उतरायला जागाच नाही. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत १२ ते २२ मिनिटांच्या दरम्यान पुरतो, आणि या वाटेवर हिमालय व पठार मिळून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांबीचा उंच प्रदेश आहे, म्हणजे सव्वादोन-अडीच तासांचं उड्डाण. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी विमानाला नेहमीची उंची टिकवता येत नाही, ते हळूहळू खाली येत राहतं, आणि खाली शिखरं असतात. त्यात आडवेळी उतरता येईल असे विमानतळ मोजके आणि तेही अतिउंचीवरचे. शिवाय दोन देशांच्या हवाई हद्दीत शिरण्याचे बिंदू ठरलेले असतात. वाटेल तिथून सीमा ओलांडता येत नाही.

म्हणून विमान गंगेच्या मैदानावरून पूर्वेकडे जातं, बांगलादेश किंवा ईशान्य भारत ओलांडून म्यानमारच्या उत्तर भागावरून चीनच्या युन्नान प्रांतात शिरतं, तिथून शांघायच्या बाजूला, आणि मग समुद्र ओलांडून जपानमध्ये. खऱ्या उड्डाण आराखड्यात नावं दिलेले डझनावारी बिंदू असतात. कागदावरच्या गणिताला दोन ठेपे पुरतात, कुनमिंग आणि शांघाय. वरचंच सूत्र तीन तुकड्यांना लावायचं. दिल्ली ते कुनमिंग २,५६६ किलोमीटर, कुनमिंग ते शांघाय १,९५६, शांघाय ते हानेदा १,७७१. बेरीज ६,२९३. सरळ अंतरापेक्षा सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर जास्त, सुमारे सात टक्के. वाटेवरचे बिंदू, हवामान आणि त्या दिवशीची परवानगी यांनुसार हा आकडा थोडा हलतो, पण ६,३०० धरून चालायला हरकत नाही.

(जाता जाता: विमानातल्या पडद्यावर उंची बघत बसणाऱ्यांना एक गोष्ट दिसेल. भारतात ३७,००० फूट असलेली उंची चीनच्या हद्दीत शिरताना ३७,१०० होते. चीनमध्ये उंची मीटरमध्ये ठरवतात; ११,३०० मीटरचे फूट केले की ३७,१०० च्या घरात येतात. पडद्यावर हे शंभर फूट वाढले की विमान सीमेवर पोचलं, असं खुशाल समजावं.)

आता वेग. या मार्गावर बोईंग ७८७ बरंच दिसतं, त्याचा प्रवासाचा वेग माख ०.८५, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. ३७,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश धरतात, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०३. हवा दहा अंशांनी उबदार असेल तर हाच माख ताशी २० किलोमीटर जास्त देतो. गणितासाठी मी ९०० धरतो. हा हवेच्या तुलनेतला वेग आहे, जमिनीच्या तुलनेतला नाही.

वारा अजिबात नसता तर ६,३०० भागिले ९००, सात तास. त्यात चढण-उतरण मिळवावी लागते, कारण पहिली वीस-पंचवीस मिनिटं आणि शेवटची तितकीच मिनिटं विमान पूर्ण वेगात नसतं, शिवाय उतरताना धावपट्टीच्या दिशेला वळसा घ्यावा लागतो. या सगळ्यापोटी १५ ते २० मिनिटं जास्त धरावीत. मी १८ धरतो. मग जमिनीवरचा वेळ: दिल्लीत गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि तिथल्या रांगेत २० ते २५ मिनिटं, टोकियोत उतरल्यावर १० ते १५. एकूण ३५. म्हणजे वारा नसताना गेट ते गेट ७ तास ५३ मिनिटं. तिकिटावरचा वेळ हा गेट ते गेट असतो. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर बहुधा उड्डाण ते उतरण एवढाच वेळ मोठ्या अक्षरांत दिसतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून विमान अर्धा तास लवकर आलं असं मानणं ही नेहमीची गफलत आहे.

इथवरचं गणित कुठल्याही दोन शहरांना लागू पडतं. दिल्ली–टोकियोची खरी खासियत पुढे आहे.

हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिण अंगाने, उत्तर भारतावरून पूर्वेकडे वाहणारा अतिवेगवान वाऱ्यांचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम. तो दक्षिण चीनवरून जात जात जपानवर पोचतो आणि तिथे जगातल्या सर्वांत जोरदार पट्ट्यांपैकी एक होतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत जपानवर त्याच्या गाभ्यात ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेग ही नवलाची गोष्ट राहत नाही. या पट्ट्याची पद्धतशीर मोजणीही प्रथम जपानमध्येच झाली. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून १९२० च्या दशकात वरच्या थरांतले वारे मोजले आणि १९२६ मध्ये त्यांचा अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. जगभर वाचला जावा म्हणून निवडलेली ती भाषा फार थोड्यांनी वाचली. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांना याच वाऱ्यांनी हैराण केलं. ओइशींनी जे मोजलं होतं, ते आज दिल्लीहून टोकियोला जाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या इंधनाच्या हिशेबात असतं. हे मला नेहमी आठवतं, आणि त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

वाऱ्याचा तक्ता कसा वाचायचा? विंडी किंवा तशाच कुठल्याही हवामानाच्या नकाशावर पातळी निवडता येते. ती हवेच्या दाबाच्या एककात असते: २५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ३४,००० फूट, २०० म्हणजे ३९,०००. विमान या दोन्हींच्या मध्ये उडतं, म्हणून दोन्ही पाहून सरासरी घ्यावी. जमिनीजवळचा वारा बघून काहीच कळत नाही. खाली पान हलत नसतं तेव्हाही वर दोनशेचा वारा असू शकतो. वारा मार्गाच्या अगदी दिशेने नसेल तर दोन्हींतल्या कोनाच्या कोसाइनने त्याला गुणायचं. २०० चा वारा मार्गाशी ३० अंश तिरका असेल तर १७३ चा उपयोग होतो, ६० अंश तिरका असेल तर फक्त १०० चा. पूर्ण मार्गाला एकच वारा लावू नये, तुकड्यातुकड्याने लावावा, कारण जपानजवळचा वारा आणि बिहारवरचा वारा यांत फार फरक असतो.

जानेवारीतला एक नमुना घेऊ. दिल्ली–कुनमिंग तुकड्यावर पाठीमागून ताशी १०० किलोमीटर, कुनमिंग–शांघाय १२०, शांघाय–हानेदा १९०. जमिनीवरचा वेग अनुक्रमे १,०००, १,०२० आणि १,०९०. वेळ २:३४, १:५५ आणि १:३७. एकूण ६ तास ६ मिनिटं. परतताना तेच वारे समोरून. हानेदापासून क्रमाने वेग ७१०, ७८० आणि ८००. वेळ २:३०, २:३० आणि ३:१२. एकूण ८ तास १२ मिनिटं. दोघांत चढण-उतरण आणि जमिनीवरचा वेळ मिळून ५३ मिनिटं घातली की जायला सात तास आणि यायला नऊ तास पाच मिनिटं. वारा याहून तगडा असेल, पूर्ण मार्गावर सरासरी १८० चा, तर येण्याचे साडेनऊ तासांहून जास्त होतात.

जाताना वाचलेला वेळ येताना फेडला जातो, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १४ तास हवेत गेले असते. इथे १४ तास १८ मिनिटं गेले. कारण साधं आहे: समोरचा वारा विमानाला जास्त वेळ अडवतो, पाठचा वारा कमी वेळ मदत करतो. वारा जितका जोरदार, तितका हा तोटा मोठा.

आता मूळ मुद्दा. विमान जमिनीवर चालत नाही, हवेतून जातं, आणि हवा स्वतः वाहत असते. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेने पाणी कमी कापलेलं असतं, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेने जास्त. काठावरचं अंतर दोघींचं सारखंच. उड्डाणाचं नियोजन करताना म्हणूनच जमिनीवरच्या अंतराशेजारी हवेतलं अंतर लिहितात. ते काढायला उड्डाणात गेलेला वेळ घेऊन त्याला हवेच्या तुलनेतल्या वेगाने गुणायचं. जाताना ६ तास ६ मिनिटं गुणिले ९००, म्हणजे सुमारे ५,५०० किलोमीटर. येताना ८ तास १२ मिनिटं गुणिले ९००, म्हणजे सुमारे ७,३८०. जमिनीवर दोन्ही वेळा तेच ६,२९३. जानेवारीत दिल्लीहून टोकियोला जाणारं विमान तिबेट टाळून, वळसा घेऊन जातं, आणि तरीही हवेतून कापलेलं त्याचं अंतर पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या ५,८६० किलोमीटरच्या वाटेपेक्षा कमी भरतं. इंधन या अंतरावर जळतं, नकाशावरच्या अंतरावर नाही. एकदा हे ध्यानात आलं की 'दोन शहरांतलं अंतर किती' हा प्रश्नच वेगळा दिसू लागतो.

इंधनात हा फरक किती पडतो? ७८७ ला तासाला ढोबळमानाने पाच टन लागतात. दोन तासांच्या फरकाला दहा टन. आराखड्यात प्रवासाच्या इंधनावर आणखी थर असतात: जमिनीवर फिरण्यासाठीचं, अनपेक्षित गोष्टींसाठी साधारण पाच टक्के, मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि तिथे पोचल्यावरही दीड हजार फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं शेवटचं राखीव. या राखीवला हात लावायचा नसतो. लागेल त्यापेक्षा जास्त इंधन भरून ठेवावं हाही उपाय नाही, कारण जादा टनांचा काही हिस्सा तेच वजन वाहण्यात जळतो. समोरच्या वाऱ्यावर वेग वाढवून मात करता येते का, असंही विचारतात. माख एक शतांशाने वाढवला, ०.८५ चा ०.८६ केला, तर त्या सव्वाआठ तासांत सहा-सात मिनिटंच वाचतात आणि इंधन मात्र लक्षात येण्याजोगं वाढतं. त्यापेक्षा वाऱ्याचा गाभा टाळून खालची किंवा वरची पातळी घेणं, मार्ग थोडा सरकवणं यातून जास्त मिळतं. जमिनीवर शंभर किलोमीटरचा वळसा म्हणजे सात-आठ मिनिटं. त्या वळशाने समोरचा वारा ताशी २० किलोमीटरने कमी झाला तर त्याच्या दीडपट भरपाई होऊ शकते.

उन्हाळा-पावसाळ्यात चित्र पालटतं. जेट स्ट्रीम उत्तरेकडे सरकून तिबेटच्या पलीकडे जातो. मार्गावर सरासरी ३० चा वारा धरला तर हवेतला वेळ जाताना ६:४६ आणि येताना ७:१४. फरक जेमतेम अर्ध्या तासाचा. त्याऐवजी ढग असतात. ईशान्य भारत, बांगलादेश आणि म्यानमारवर मान्सूनचे गडगडाटी ढग १५ किलोमीटरपर्यंत चढतात. त्यांच्यावरून जाता येत नाही, बगल द्यावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जपानच्या दक्षिणेला तुफानं येतात, तेव्हा टोकियोत उतरणाऱ्यांना थांबवून ठेवलं जातं. म्हणजे जानेवारीत वेळ वाऱ्यावरून सांगता येतो, जुलैत ढगांवरून, आणि ढगांचा अंदाज आदल्या दिवशी देणं वाऱ्याच्या मानाने फार अवघड.

विमान कंपन्या वेळापत्रक रोजच्या वाऱ्यानुसार बदलत नाहीत. वर्षाचे दोन हंगाम असतात: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत उन्हाळी, उरलेला हिवाळी. हंगामभर साधारण एकच वेळ छापलेली असते, आणि ती बहुतेक दिवस पाळता येईल अशा बेताने ठेवलेली असते. म्हणून हिवाळ्यात टोकियोला जाणारं विमान कित्येकदा अर्धा-पाऊण तास आधी पोचतं आणि गेट रिकामं व्हायची वाट बघतं. नारिताला तर आणखी एक अट आहे: मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत तिथे नेहमीची विमानं उतरत नाहीत. पहाटेच्या विमानाला वाऱ्याने फार लवकर आणलं तर फायदा काहीच नाही, म्हणून निघतानाच वेग किंवा वेळ जुळवून घेतात. हानेदा चोवीस तास चालू असतं.

नारिता आणि हानेदा हा फरक प्रवाशाने गंभीरपणे घ्यावा. दिल्लीपासून नारिता ५,९०९ किलोमीटर, म्हणजे हानेदापेक्षा पन्नास जास्त, हवेत तीन-चार मिनिटांचे. पण जमिनीवर नारिता मध्य टोकियोपासून साठेक किलोमीटर लांब आहे. स्कायलायनर रेल्वे निप्पोरीपर्यंत ४० मिनिटांच्या आत-बाहेर नेते, नारिता एक्स्प्रेस टोकियो स्टेशनला तासाभरात. हानेदाहून मोनोरेल वीस मिनिटांच्या आत हामामात्सुचोला पोचते. निशी-कासाईसारख्या भारतीय वस्तीच्या भागात जाणाऱ्यांनी तिकिटाची किंमत बघताना हा तासही मोजावा.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी आणखी एक तुकडा. मुंबई ते टोकियो (हानेदा) सरळ अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर. दिल्लीमार्गे ७,०००, म्हणजे फक्त पावणेतीनशेच किलोमीटर जास्त. हाँगकाँगमार्गे ७,१७५, बँकॉकमार्गे ७,६२०, सिंगापूरमार्गे ९,२२०. अंतराच्या दृष्टीने दिल्ली आणि हाँगकाँग जवळजवळ वाटेवरच आहेत. सिंगापूरमार्गे जाणं म्हणजे नकाशावर अडीच हजार किलोमीटर जास्त, हवेत पावणेतीन तास जास्त, कितीही सोयीचं तिकीट असलं तरी. पण एक लाभ तिथे आहे: सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने मुंबई–सिंगापूर तुकडा हिवाळ्यातल्या जेटच्या पट्ट्याबाहेर जातो आणि त्या तुकड्यावर जाण्यायेण्यातला फरक थोडाच असतो.

परतीचं तिकीट काढताना दिल्लीतला मधला वेळ महिना बघून ठरवावा. परदेशातून येऊन पुढे देशांतर्गत विमान धरायचं असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम साधारणपणे दिल्लीतच उरकावं लागतं, सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, टर्मिनल बदलायचं असेल तर तोही वेळ. डिसेंबर-जानेवारीत समोरचा वारा बराच वेळ खातो, आणि रात्री उशिरा पोचणाऱ्या विमानाला दिल्लीचं धुकं गाठू शकतं. धुकं दाट असेल तर लखनौ-अमृतसरही त्याच धुक्यात असतात, त्यामुळे आराखड्यात लांबचा पर्यायी विमानतळ घेतलेला असतो आणि विमान तिकडे वळलं तर पुढचं सगळं गणित मोडतं. निघण्याच्या दिवशी टोकियोत बसून दोन गोष्टी पाहाव्यात: २५० हेक्टोपास्कलवर जपान ते शांघाय पट्ट्यातला वारा, आणि आपल्याला नेणारं विमान आधीच्या फेरीवरून टोकियोत कधी उतरलं. वारा १२० नॉटच्या वर असेल तर वेळापत्रकातली वेळ पाळली जाईल असं धरू नये. हिवाळ्यात दिल्ली–मुंबई किंवा दिल्ली–पुणे विमान मी चार तासांनंतरचं सुचवतो, आणि शक्यतो एकाच तिकिटावरचं, म्हणजे चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. जून ते सप्टेंबरमध्ये तीन तास पुरतात.